सरिताताईंच्या मामांवर न पडलेला उजेड

तानबाकाका, मागच्या खेपेस फोनवर मी तुम्हालाच उलट विचारलं, की मीटर मीच काऊन नेणार, दुकानात दुसरं कोणी येत नाही का. ते खोटं होतं. उजेड मोजायचं तुमचं मीटर माझ्या बॅगेत आहे, मोज्यात गुंडाळून.

मी नीरज बाबाराव डंभारे, वय चोवीस, नववी नापास, राहणार पुलगाव, सध्या हैदराबादला सिनेमाच्या सेटवर लाइटमन. डोकं ठिकाणावर आहे, काही प्यालेलो नाही, कोणाचा दाब नाही. मागच्या आठवड्यात वरच्या फळीवरून आमच्यातला एक जण पडला, म्हणून माझ्यामागे काय कोणाला जावं ते लिहून ठेवतो.

एक. मीटर तानबाकाकांना, मी जिथे काम शिकलो त्या त्यांच्या फोटो स्टुडिओत नेऊन द्यावं.

दोन. अमेरिकेतल्या त्या जुन्या कॅमेरामनचं पुस्तकही काकांनाच. हे मात्र त्यांनी स्वतः दिलं होतं. डिक्शनरी घेऊन अर्धं वाचलं आणि चहा पिता पिता मला सांगितलं. हा बुडा कॅमेरामन आधी पेट्या उचलायचा. मग काळ्या-पांढऱ्या सिनेमात एका दिव्यावर नट्यांचे चेहरे उभे करू लागला, बक्षिसं घेतली, रंगीत सिनेमा आला तसं त्याला बोलावणं कमी झालं. उरलेलं अर्धं मी इथे एका असिस्टंटकडून वाचून घेतलं. काका, अकरा वर्षं त्याने उस्तादाला विचारल्याशिवाय एक दिवा हलवला नाही. मी तिसऱ्या महिन्यात तुमचा हॅलोजन बंद केला.

तीन. हे सिंदी मेघेच्या सरिताताईंना वाचून दाखवावं. ताई, तुमच्या लग्नाच्या दिवशी काकांना ताप होता, शूटिंग माझ्यावर होतं. मंगलाष्टकं चालू असताना समोरचा लाइट मी माझ्या मनाने बंद केला. तुमचा एक गाल पुस्तकातल्यासारखा उजळला. पाठीशी उभे मामा नुसते काळे आले. चार महिन्यांनी मामा वारले आणि तुम्ही त्यांना लग्नाच्या शूटिंगमध्ये शेवटचं पाहायला दुकानात आलात. काका म्हणाले, "मीच सांगितलतं त्याले, लाइट बंद कर म्हून." त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी तुमचे अठरा हजार परत केले. मी तिथेच वायर गुंडाळत होतो. गुंडाळून झाली तरी गुंडाळतच होतो. तुम्ही गेल्यावर ते मला एवढंच बोलले, "बुड्याच्या नटीमांगं तिचा मामा उभा नव्हता रे बाप्पा." दुसऱ्या दिवशी मी मीटर घेऊन गाडीत बसलो.

चार. सायकल आणि मोबाइल बहीण रोशनीला. बाबांना काही नाही. "हा जिंदगीभर दुसऱ्याचा लाइटच धरन," असं ते चारचौघांत म्हणाले होते. ते खरं निघालं, म्हणून राग तेवढा सोडला.

साक्षीदार: कैलास झाडे, आष्टीचा, माझ्यासोबत दिवे उचलतो (सही). पौर्णिमाबाई, खाणावळवाल्या (सही).
लिहिणार: नीरज बा. डंभारे (सही)
हैदराबाद, ता. ९ फेब्रुवारी २०२५

सह्या झाल्यावर कैलासने कलम तीन परत वाचलं आणि म्हणाला, "हे बी मेल्यावरच सांगशीन का?" म्हणून कागद, पुस्तक आणि मीटर आजच कुरिअरने पाठवतो. काका, कलम तीन ताईंना लगेच वाचून दाखवजा. सोबत त्या अठरा हजारांतले, माझ्याकडे आज आहेत तेवढे: रुपये दोन हजार सातशे.