चौथा स्क्रू

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मावशींची दोन बोटं गेली. उजव्या हाताची — करंगळी आणि शेजारचं. पुढचं आज लिहिता येत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नीट लिहायला हवं. शाळेत घालण्याआधी बाबांनी मला घरीच शिकवलं, बाइंडिंगच्या टेबलावर, छापून वाया गेलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर. पहिला नियम : जे घडलं ते ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने लिही.

तर क्रमाने. आमच्या चर्चच्या मंडळीच्या पंचाहत्तरीची गीतपुस्तकं बांधायला आमच्याकडे आली आहेत. पहिली शंभर या रविवारी द्यायची होती. गठ्ठे जाड. कटिंग मशीनच्या पात्यापुढे लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. तिच्याखालून गठ्ठा जाईना. बाबा म्हणाले, "आजच्यापुरती काढ ती जाळी. प्रभूच्याच स्तुतीची पुस्तकं आहेत, तो सांभाळेल."

मी चारही स्क्रू काढले. काढताना भीती वाटली होती. पण तिला मी अविश्वास म्हटलं, आणि गप्प केलं!

मावशींनी गठ्ठा लावला. तो सरकला. सावरायला त्यांनी हात आत घातला. पाय पातं पाडायच्या पेडलवरच होता.

मावशी सख्ख्या नाहीत. बावीस वर्षं आमच्याकडे पुस्तकं शिवतात. चर्चमध्ये माझ्या शेजारी बसतात. लहानपणी उपदेश लांबला की माझं डोकं त्यांच्या मांडीवर असायचं.

३ मार्च, सोमवार

कारखान्यांची तपासणी करणारे साहेब आले. मशीनवर जाळी होती. बाबांनी ती गुरुवारीच बसवली — मावशींना दवाखान्यात पोहोचवून आल्या आल्या, शर्टही न बदलता.

साहेबांनी आधी बाबांना विचारलं, मग मला. "अपघात झाला तेव्हा जाळी बसवलेली होती?"

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. मशीनकडेही नाही. भिंतीकडे.

"होय," मी म्हणाले.

साहेबांनी लिहिलं — जाळीच्या कडेने हात घातला, कामगाराचा निष्काळजीपणा. खाली मी सही केली. अक्षर सुंदर आलं. आमच्या घरात अक्षर सुंदरच येतं.

४ मार्च, मंगळवार

माझ्या एप्रनच्या खिशात स्क्रू सापडला. म्हणजे जाळी तीनवरच उभी आहे. साहेबांनी मोजले नाहीत.

पेन्सिलीच्या डबीत ठेवला.

१५ मार्च, शनिवार

मावशींच्या खोलीवर गेले. हाताला अजून पट्टी. मला बघून म्हणाल्या, "ये गं. आता हातमोजे घेतले की दोन बोटं शिलकीत!" आणि स्वतःच हसल्या. मीही हसले. काय बाई आहे मी!

मग त्या खाली बघत बोलल्या, "एक विचारू? मला आठवतं, तेव्हा जाळी नव्हती. पातं उघडं दिसत होतं. पण तुझे बाबा म्हणाले, होती. ते काही खोटं बोलायचे नाहीत. मग मलाच भास झाला असेल, नाही का?"

मी चहाची कपबशी विसळायला उठले. विसळलेलीच होती.

२२ मार्च, शनिवार

प्रार्थनेला बसते. 'हे प्रभू'च्या पुढे सरकत नाही.

३० मार्च, रविवार

चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले, सगळं सांगायचंच असं ठरवून. सांगितलं काय? तर, मला प्रार्थनेत जांभया येतात! आणि शेजारणीची छत्री आठ दिवस परत केली नव्हती. ते हसले. "बाळ, एवढ्याशा गोष्टींनी कशाला जीव जाळतेस? तुझ्या बाबांकडे बघ. विश्वास कसा, तर खडक!"



६ एप्रिल, रविवार

आज प्रभुभोजन. आमच्या मंडळीत भाकरीचं ताट फिरण्याआधी प्रत्येकाने शेजाऱ्याचा उजवा हात हातात घेऊन विचारायचं असतं, "माझ्याकडून काही राहिलंय का?" समोरचा म्हणतो, "काही नाही." मग त्याने विचारायचं. मनात काही असेल तर ताटाला हात लावायचा नाही, तसंच पुढे द्यायचं. मी जन्मल्यापासून कुणी ते तसं पुढे दिलेलं बघितलं नाही.

मावशींनी डावा हात दिला. उजवा पदराखाली. त्यांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाल्या, "तुमची पुस्तकं माझ्या रक्ताने खराब झाली. माफ कर गं."

"काही नाही," मी म्हणाले. मग मी विचारलं. मला विचारावंच लागलं.

"तुझ्याकडून काय राहणार, वेडे!"

मी भाकर खाल्ली.

११ एप्रिल, शुक्रवार

बाबांना म्हटलं. जेवताना, एकदम. "जाळी नव्हती, बाबा."

त्यांनी घास खाली ठेवला. "कारखाना बंद पडला तर बाकीचे चौघे कामगार कुठे जातील? त्यांच्या घरी सांगायला तू जाशील?"

"आणि मावशी?"

"त्यांना मी काही कमी पडू देणार नाही. मी प्रभूला सगळं सांगितलंय."

"तुम्हीच मला शिकवलंत, आपलं होय ते होय असावं आणि नाही ते नाही. मी सहा वर्षांची होते. पाटीवर शंभरदा लिहून घेतलंत."

"जेव," बाबा म्हणाले.

आम्ही दोघं जेवलो. पूर्वी मला वाटायचं, बाबांवर विश्वास आणि देवावर विश्वास ही एकच गोष्ट आहे. आता एकाला ओढलं की दुसराही उसवतो. मावशी तिथे असत्या तर म्हणाल्या असत्या, एकाच दोऱ्याने शिवलंस, अशानेच पानं सुटतात.

१९ एप्रिल, शनिवार

मावशींनी रविवारचा मुलांचा वर्ग सोडला. अठरा वर्षं घेत होत्या. पाळकसाहेबांना म्हणाल्या, "माझं डोकं ठिकाणावर नाही. समोर नसलेलं दिसतं, असलेलं दिसत नाही. पोरांना काय शिकवू?" कुलूप लावून निघतात, अर्ध्या वाटेवरून परत येतात, पुन्हा ओढून बघतात. शेजारीण सांगत होती — हसत!

बोटं मशीनने घेतली. हे मी घेतलं.

२६ एप्रिल, शनिवार

सांगितलं. त्या दारात उभ्या होत्या, मी पायरीवर. आत गेले असते तर पुन्हा कपबशा विसळल्या असत्या. स्क्रू तळहातावर ठेवून दाखवला. मीच काढले, कुणी सांगितलं, साहेबांना मी काय म्हणाले — सगळं क्रमाने.

मला वाटलं मारतील. मारावं, असं वाटलं.

त्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसल्या. मग अगदी बारीक आवाजात, "म्हणजे मी वेडी नाही."

"नाही, मावशी."

"दोन महिने, गं..." आणि मग, "जा आता. जा तू."

स्क्रू त्यांनी घेतला नाही.

२८ एप्रिल, सोमवार

बाबांना सांगितलं की मी मावशींना सांगितलं. ते संध्याकाळपर्यंत एकच पुठ्ठा कापत बसले, लहान लहान होत गेला.

४ मे, रविवार

महिन्याचा पहिला रविवार, पुन्हा प्रभुभोजन. मावशी आल्या. माझ्या बाकाशी थांबल्या नाहीत. सरळ पुढे, चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींच्या रांगेत, बाबांच्या शेजारी जाऊन बसल्या. सगळ्यांच्या माना वळल्या.

हात धरायची वेळ आली. मावशींनी पदराखालून उजवा हात काढला. तीन बोटांचा. बाबांना तो धरावाच लागला. "माझ्याकडून काही राहिलंय का?" मावशी. बाबांनी फक्त 'नाही' अशी मान हलवली. मग त्यांची पाळी. ते विचारीनात. पाळकसाहेब ताट घेऊन उभे. शेवटी विचारलं. मला ऐकूही आलं नाही, ओठ दिसले.

"राहिलंय," मावशी म्हणाल्या. ओरडून नाही. वर्गात हजेरी घ्यायच्या तशा आवाजात.

बाबांनी ताट तसंच पुढे दिलं. मावशींनीही. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मीही. 

५ मे, सोमवार

सकाळी बाबांनी हात पुढे केला. "चौथा दे." त्यांना माहीत होतं! बसवायला की दाखवायला, विचारलं नाही. माझ्याकडे तेवढा एकच पुरावा होता. दिला.

त्यांनी बाकीचे तीन काढले, चारही रुमालात बांधले, रविवारचा कोट घातला. दुपारी साहेबांना घेऊन आले. दाराला सील लागलं. चौघेजण डबे घेऊन बाहेर उभे. साहेबांनी बाबांचा नवा जबाब वाचून दाखवला — जाळी मी स्वतः काढली. मुलगी तेव्हा कारखान्यात नव्हती, सही तिने माझ्या सांगण्यावरून केली.

"बरोबर आहे ना?" साहेबांनी मला विचारलं.

या वेळी बाबा माझ्याकडे बघत होते. डोळ्यांनी विनवत होते.

"नाही," मी म्हणाले.