ताईच्या नवमीला पल्लवीला पाठवलं

४ सप्टेंबर, पाथर्डी
कोर्टातनं वकील मिळाला, फुकट. बायांना पैसे पडत नाहीत म्हणे. मला वाटलेलं, फुकटचा वकील म्हणजे कोपऱ्यात पेंगणारा म्हातारा असणार. निघाली ब्लाऊजला मॅचिंग पिन लावणारी पोरगी! पण तोंड चालतं. वकीलबाई लिहायला लांब, म्हणून इथनं पुढं व.बा.

सगळं सांगितलं. माझी ताई ऊसतोडीला साखर कारखान्यावर असताना ताप येऊन गेली. दहाव्याला तिच्या सासूनं सगळ्यांदेखत ताईच्या लेकीला, पल्लवीला, माझ्या ओटीत घातलं, "आता ही तुझी." तेव्हापासनं माझ्याकडं. आता आठवीत हाय. दाजींनी दुसरं लग्न केलं, दोन तान्ही झाली. म्हणतात, दसऱ्यानंतर टोळी ऊस तोडायला निघल तव्हा पल्लवी पण येईल, पोरं सांभाळायला. आणि पुढल्या साली तिचं लग्न. अरे, चौदाचीपण नाही ती!

व.बा. म्हणाल्या, "कोर्टाला ओटी कळत नाही, मावशी. वडील हयात आहेत, पहिला हक्क त्यांचा. आपल्याला दाखवावं लागेल की तिचं भलं तुमच्याकडंच आहे." जाताना तीनदा बजावलं, निकालापर्यंत पोरीला तिकडं पाठवायची नाही.

१२ सप्टें.
पल्लवी माझ्याकडंच राहावी म्हणून अर्ज नगरच्या कोर्टात गेला. पल्लवीनं विचारलं, "मावशी, मला जज काय विचारतील?" मी म्हणलं, गप पाढे म्हण. आठवीतल्या पोरीला पाढे! माझं मलाच हसू आलं.

१३ सप्टें.
दाजींचा फोन. "सोमवारी नवमी हाय तिच्या आयची. पानाला लेक नको व्हय? सांजच्याला सोडतो. तिची शपथ."
ताई सवाष्ण गेली. पितरपाटात नवमीचं पान तिचं. लेकीनं हात जोडले नाहीत तर ताईला काय वाटंल? हे म्हणाले, व.बा.ना विचार. नाही विचारलं. त्या नको म्हणल्या असत्या.

१५ सप्टें.
ह्यांनी जीपमधनं सोडली. जाताना ताईच्या आवडीची पुरणपोळी दिली डब्यात.
संध्याकाळ झाली. नाही आली. फोन लागंना.

१७ सप्टें.
हे जाऊन एकटेच परत आले. दाजी म्हणे, "माझीच पोरगी हाय, मी काय पळवून आणली?" शाळेचा ड्रेस दोरीवरच हाय. काढवत नाही. गिऱ्हाइकाचा ब्लाऊज शिवायला बसले तर बाही उलटी जोडली.
मी गाढव. गाढवच.

१८ सप्टें.
व.बा.ना सांगितलं. म्हणाल्या, "मला एक फोन का नाही केला?"
मला रडू पण आलं आणि राग पण. म्हणलं, "तुम्हाला आई हाय ना?"
"आहे. म्हणून तर ओरडत नाही तुमच्यावर." मग म्हणाल्या, पोलीस काही करणार नाहीत, पोरगी बापाकडं हाय. तातडीचा अर्ज टाकते.
चहा त्यांनीच पाजला.

२६ सप्टें., नगर
दाजी आले, त्यांची म्हातारी आई पण आली, पल्लवी नाही. त्यांचा वकील उठून म्हणाला, "साहेब, मावशीनंच स्वतःहून मुलगी आणून सोडली." खरंच होतं.
व.बा. लई भांडल्या. साहेब म्हणाले, पुढल्या तारखेपर्यंत मुलीला जिल्ह्याबाहेर न्यायचं नाही, सहा तारखेला हजर करा. पण टोळीचा ट्रक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. एकदा कर्नाटकात गेल्यावर कोण शोधणार कुठल्या उसाच्या फडात?
व्हरांड्यात म्हातारीला गाठलं. "आत्या, ओटीत घातली का नव्हती?"
"घातली हुती की."
"मग आत सांगा ना."
पदरानं तोंड पुसलं. "लेकाच्या म्होरं कशी बोलू, बाई? त्याच्याच भाकरीवर हाय मी."
राग यायला पाहिजे होता. आला नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
सोनं द्यायला लोक आले, मी हसून घेतलं. मन सगळं ट्रकपाशी.
रात्री शेजारणीच्या फोनवरनं म्हातारी. हळू बोलत होती. "उद्या टोळी चाललीय. मी यंदा जात न्हाई, गुडघं धरलेत म्हनलं. पोरगीला बी ठिवून घेतलीय माज्यापाशी." मी विचारलं, सोमवारी येता का कोर्टात? "बघू," म्हणाली आणि ठेवला.
गुडघे खरंच दुखतात का तिचे?

६ ऑक्टो., नगर, कोर्टाचा व्हरांडा
व.बा.नी बाहेर बसायला सांगितलंय. बसल्या बसल्या लिहितेय.
आल्या! म्हातारी आणि पल्लवी, एस.टी.नं. पोरगी वाळलीय. माझ्या गळ्यात पडली, सोडंचना. व.बा. म्हणाल्या, तिला काही शिकवायचं नाही. मी फक्त वेणी घातली.
दाजी टोळी सोडून आलेत. दाराशी उभे. आईकडं बघतायत.
व.बा. म्हातारीपाशी उकिडव्या बसल्या. "आजी, ओटीचं साहेबांना सांगाल?" म्हातारी माझ्याकडं बघंना, लेकाकडं पण बघंना. पल्लवीची वेणी सुटली नसताना परत परत घट्ट करत होती.
पुकारा झाला. पहिलं तिचंच नाव. म्हातारी उठली, गुडघ्यावर हात न ठेवता. दाजींच्या जवळनं जाताना थांबली. ते काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही. मग आत गेली.
दार लोटलंय. पल्लवी विचारतेय, "आजी काय सांगंल गं?"
मी म्हणलं, गप पाढे म्हण.
म्हणतीये. सतराचा चाललाय.