मामांच्या खोलीवरचे काळे माळवद

पिंगळी, वैशाख, फसली सन १३५०

आमचे मेहुणे वीरुपाक्षप्पा यांस चन्नबसप्पाचे शरणार्थ. इकडे महादेवाच्या कृपेने सर्व खुशाल. पूर्णेला तुम्ही आणि मुलेबाळे कशी आहात ते कळवावे. (बहिणीची चौकशी तुम्ही करत नाही, तरी ती बरी आहे.) तुमचे वडील, म्हणजे आमचे मामा, तर फारच उत्तम आहेत. दुकानाची गादी तुम्ही घेतलीत आणि त्यांना आता आराम करा म्हणालात, त्या रागात ते महाशिवरात्रीला दोन दिवसांसाठी लेकीकडे आले. आराम अजून चालू आहे.

माझी तक्रार नाही. (सासऱ्याबद्दल तक्रार करणारा जावई आमच्या घराण्यात जन्मला नाही, मनातल्या मनात करणारे पुष्कळ झाले.) पण गुळाची भेली कुठे ठेवावी, गिऱ्हाइकाकडे बघून कधी हसावे, हे हल्ली माझ्या दुकानात मामा ठरवतात. फार उकडले तर माणूस आपल्या घरी जातो, असा साधा विचार माझ्या मनात आला, आणि तेवढ्यात सरकारी मदरशातले दिनकरराव मास्तर ओट्यावर येऊन बसले. मास्तर शिकवतात उर्दूत आणि चिडतात मराठीत. ते म्हणाले, ऊन हवेला थेट फारसे तापवत नाही. ते हवेतून खाली येते, जमीन तापवते, आणि मग जमीन हवेला तापवते. काळी वस्तू ऊन पिऊन घेते, पांढरी परतवून लावते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, म्हणून माळवदाला झरोका ठेवतात. मी मास्तरांना सुपारी दिली आणि उठलो.

त्याच दिवशी चुलीची काजळी जळक्या तेलात कालवून मामांच्या खोलीवरचे माळवद काळे कुळकुळीत केले, झरोक्यात पोत्याचा बोळा कोंबला, आणि मृगाआधी गळती थांबवतोय असे घरात सांगितले. मामांनी पाठ थोपटली. मला जरा वाईट वाटले, पण फार वेळ नाही.

आता चूक ऐका. मी मास्तरांना रंग विचारला, जाडी विचारली नाही. आपले माळवद हातभर मातीचे. ते दिवसभर ऊन पीत बसते आणि खाली पोचवायची घाई करत नाही. भर दुपारी मी दुकानात घाम पुसतोय आणि मामा आत गारव्याला घोरतायत. ती ऊब खाली उतरली दिवेलागणीला. तोवर मामांची झोप झालेली. ते अंगणात माझ्या बाजेपाशी येऊन म्हणाले, "जावईबापू, आत लय ऊब हाय. तुमची पाठ दुखायलीय म्हनता ना? तुमी आत निजा, मी भाईर पडतो." (पाठदुखी मी आडाचे पाणी शेंदावे लागू नये म्हणून काढली होती.) वडीलधाऱ्यांचा शब्द मोडता येत नाही. तेव्हापासून मी माझ्याच भट्टीत भाजतो आहे, आणि मामा मोकळ्या आभाळाखाली, जिथे जमीन लवकर निवते, तिथे माझ्या बाजेवर निजतात.

बोळा काढू म्हटले, तर मामा म्हणतात खोली गळेल. पांढऱ्या मातीने सारवू म्हटले, तर काळ्या माळवदावर धोतर अंथरले की पापड एका उन्हात खडखडीत वाळतात, हे गल्लीला कळून चुकले आहे. नागुबाई, कडूबाई आणि त्यांच्या सुना दिवसभर माझ्या डोक्यावर चालतात. कुणी कुठे वाळत घालायचे ते मामा ठरवतात, आणि त्यांचे कुणी ऐकत नाही असे होत नाही. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

तरी काळजी नसावी. थोरांना नमस्कार, लहानांना माझ्या नावाने गुळाचा खडा द्यावा.

तुमचा अर्धा शिजलेला,
चन्नबसप्पा

ता. क. मामांना एक पत्र टाका. तिकडे घरची म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत नाही, त्यांच्या आठवणीने हंबरते, असे लिहा. खोटे असले तरी लिहा. लवकर लिहा.

आनखी एक ता. क. (हे अक्षर धोंडप्पाचं, तुज्या बापाचं.) जावयानं ही चिठ्ठी टेशनावर टाकायला माझ्याच हाती दिली. काजळी कशापायी फासली ते मला पयल्याच दिशी कळलं व्हतं. वीरुपाक्षा, म्हशीचं राहू दे. तुला आठवन येती का, तेवढं लिही. न्यायला सोता आलास तर त्याच गाडीनं निघतो. तवर जावई आतच निजतील.