वाघीण नाचत गेली म्हणे!

१४ डिसेंबर, शनिवार

वाघीण नाचली म्हणे! सकाळच्या फेरीत माझ्या जिप्सीत इंग्लंडची एक आजी होती. तळ्याजवळून वाघीण निघाली, आमच्या पुढूनच आरामात रस्ता ओलांडून गेली. वळूनही पाहिलं नाही. आजी कुजबुजली— "शी जस्ट वॉल्ट्झ्ड पास्ट अस!"

वॉल्ट्झ? मोबाइलवर पाहिलं: जोडीनं गोल फिरत करायचा नाच. पण वाघीण एकटी होती. आणि नाचली कुठं? चार वर्षं झाली नागझिऱ्यात गाइड होऊन. नाचताना मोर पाहिले, वाघ नाही.

हेमेंद्रला विचारलं. तोही गाइड, इंग्रजी माझ्याइतकंच. म्हणे, "आजीले चढली असन." नालायक!

१९ डिसेंबर

फुलचूरला शामकला मॅडमकडे इंग्रजीचा क्लास. सुट्टीच्या दिवशी आम्ही चार गाइड जातो. मॅडम खूप हसल्या. म्हणाल्या, "त्यात पाय नाचत नाहीत, ऐट नाचते. जागा आपलीच असल्यासारखं यायचं-जायचं, ते वॉल्ट्झ."

मग एकेक निघत गेलं. शफल हा नाचही आहे, पाय ओढत चालणंही, आणि पत्ते पिसणंही! टॅप म्हणजे बुटांनी ठोकत करायचा नाच, आणि आपण दिवसभर मोबाइलवर बोटानं करतो तेही. वही भरली.

आमच्याकडं नाचणं म्हणजे बहुतेक बोलणी खाणंच. लहानपणी आई ओरडायची, "काऊन नाचून राहिली?" इंग्रज मात्र चालतानाही नाचतात.

२१ डिसेंबर

जिप्सीवाले केवळरामभाऊ पहाटेच्या थंडीत चहाकडे शफल करत गेले. छान रोग लागला मला.

२६ डिसेंबर

आजचा शब्द— डान्स अराउंड. मॅडम म्हणाल्या, "मुद्दा मधात ठेवायचा आणि भोवती फिरत राहायचं. हात लावायचा नाही." सगळे हसले. मी नाही.

हेमेंद्र शेजारीच होता. मान खाली घालून लिहीत होता.

आमचं जमून दोन वर्षं झाली. लग्नाचं काढलं की— धान निघू दे. बहिणीचं जमू दे. बाबाची तब्येत पाहून सांगतो. तो पोवार, मी बौद्ध. त्याचे बाबा, देवचंद पटले, आमच्या वस्तीत काही कामानं आले तर उभ्यानंच बोलून जातात, चहा घेत नाहीत. तो काऊन फिरून राहिला ते मला माहीत आहे. तरी राग येतोच!

२७ डिसेंबर

जंगलाच्या गेटवर हेमेंद्रला विचारलं. "हो की नाही?"

"बाबा—"

"बाबाले नाही विचारलं. तुले विचारलं."

मग म्हणाला, "तू सांगितलं का तुह्या घरी?"

मी म्हटलं, माझं वेगळं आहे. "काय वेगळं?" म्हणजे मीही नाचूनच राहिली होती! दोघंही, दोन वर्षं.

२८ डिसेंबर

भात झाला, बाबा जेवले, भांडी घासून झाली. नाही सांगितलं.

३० डिसेंबर

सांगितलं. बाबा सायकलचं पंक्चर काढत होते. हात थांबले.

"त्यानं त्याच्या बापाले सांगितलं?"

"नाही."

"मंग माह्याकडे कायले आली? आधी त्याले सांगाले लाव. चोरून नाही देणार मी पोरगी." ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली. मग— "पोरगा चांगला हाये?"

"हाये."

"मंग रडून काऊन राहिली?"

१० जानेवारी

हेमेंद्र बॅग घेऊनच गेटवर आला. डोळे सुजलेले. काल घरी सांगितलं त्यानं. देवचंदभाऊ म्हणाले, "करशील तर या घराचा रस्ता विसर." आई आत रडत बसली.

आता केवळरामभाऊंकडे राहतो आहे. मला म्हणाला, "सरळ बोललो न या वेळी?" मी त्याला इतका त्रास द्यायला हवा होता का? दिवसभर तेच डोक्यात.

२७ जानेवारी

गोंदियाला रजिस्टर लग्नाची नोटीस दिली. अर्ज हेमेंद्रनं भरला, माझं नावही त्यानंच लिहिलं. मी वॉल्ट्झ करत आत जाणार होते. शफल करत गेले!

आता तीस दिवस आमची नावं फळ्यावर. कोणीही वाचावं, कोणीही हरकत घ्यावी.

३१ जानेवारी

ऑफिसातून क्लार्कचा फोन. देवचंद पटले येऊन गेले म्हणे. विचारलं, हरकत घेतली?

"नाही हो. चष्मा लावून अख्खी नोटीस वाचली. म्हणाले, 'पोरानं पोरीचं आडनाव चुकवलं न जी. मेश्रम नाही, मेश्राम. दुरुस्त करा.' अन् आम्ही दुरुस्त करेपर्यंत तिथंच बसून होते."