बागेत संपणारा पाइप

क्लोनूफ्का, १४ ऑक्टोबर २०१२

आदरणीय ब्रुनोनदादास,

पत्राच्या पहिल्या शब्दांत देवाचं नाव आणि दुसऱ्या शब्दांत तब्येतीची चौकशी, असं आई शिकवायची, म्हणून त्याच क्रमाने जातो. देव आहेच. तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा गुडघा? ओल्श्टिनला थंडी पडली का? (आमच्याकडे पडली आहे. त्याबद्दल पुढे.) सहा तारखेला तुझ्या नावाच्या संताचा दिवस, म्हणजे तुझा नामदिन झाला आणि माझा फोन आला नाही, याचं तुला वाईट वाटलं असेल किंवा हायसं वाटलं असेल. मे महिन्यात मी तुला 'तुम्ही घरं तापवायच्या भट्ट्या बांधणारी माणसं, गॅस आला की तुमचं दुकान बंद, म्हणून पोटात दुखतंय' असं म्हणून रिसीव्हर आपटला होता. रिसीव्हर अजूनही जागेवर नीट बसत नाही. तेव्हा ते बोलणं आपण दोघांनीही विसरलेलं बरं. उशिरा का होईना, तुला शंभर वर्षं आयुष्य लाभो.

इकडे सर्व क्षेम आहे. गाय बरी आहे. गेर्त्रुडाही बरी आहे, फक्त ती आठ दिवसांपासून तिच्या बहिणीकडे, लुत्सियाकडे, राहायला गेली आहे. भांडण वगैरे अजिबात नाही. लुत्सियाचं घर गरम आहे आणि आपलं नाही, एवढाच काय तो फरक. ती रोज दोन वेळा दूध काढायला येते, गाईशी भरपूर बोलते, मग माझ्याकडे वळून 'घर तापलं की सांग, आलोइझी' एवढं म्हणते आणि जाते. चौतीस वर्षांच्या संसारात ती इतकं कमी कधीच बोलली नव्हती. मला ते फार लागतं. मी मधल्या खोलीत दोन स्वेटर आणि अग्निशमन पथकाचा कोट घालून हे लिहितो आहे. खोली मोठी वाटते आहे, कारण तू बांधलेली हिरव्या टाइल्सची भट्टी ज्या कोपऱ्यात उभी होती तो आता रिकामा आहे. ('होती' हा शब्द मी मुद्दाम बारीक अक्षरात लिहिला आहे. चष्मा लावू नकोस.)

आता हे कसं झालं ते सांगतो, म्हणजे दोष कोणाचा ते तूच ठरव. गेल्या वसंतात पिवळ्या जाकिटातली माणसं आली आणि त्यांच्या मागून पाच अवजड ट्रक आले. या ट्रकच्या पोटाखाली लोखंडी पाट असतो. तो जमिनीवर टेकवून ते जमीन गदागदा हलवतात आणि खालून काय आवाज येतो ते ऐकतात. खालून काय आवाज आला ते त्यांनाच ठाऊक. वरून गेर्त्रुडाचा आला, कारण तळघरातल्या फळीवरच्या खारवलेल्या काकड्यांच्या अकरा बरण्या खाली आल्या होत्या. एका सज्जन माणसाने काचांचे फोटो काढले, फॉर्म भरला आणि 'नुकसानीचा प्रकार' या रकान्यात 'काकडी' असं लिहून नेलं. उत्तर अजून यायचं आहे.

मग अग्निशमन पथकाच्या हॉलमध्ये सभा झाली. पथकाचा प्रमुख या नात्याने मी पहिल्या रांगेत, पितळी बटणांच्या गणवेशात होतो. वॉर्साहून त्सेझारी मारचुक नावाचे इंजिनियर आले होते. देखणा माणूस, बोलणं लोण्यासारखं. ते म्हणाले, आपल्या पायाखाली तीन किलोमीटरवर काळा दगड आहे, त्या दगडात गॅस कोंडून बसला आहे. पाणी आणि वाळू भयंकर दाबाने आत सोडायची, दगडाला बारीक भेगा पाडायच्या, की गॅस वर आलाच. देशाला कित्येक वर्षं पुरेल. पूर्वेकडे कोणाचं तरी कोणाशी तरी बिनसतं, तिकडून येणाऱ्या गॅसची तोटी आवळली जाते आणि आपण इकडे स्वेटर शोधतो, हे सगळं बंद होईल. दादा, मी तुला खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. गेर्त्रुडाने उठून विचारलं, 'आणि आमच्या विहिरीचं काय हो?' त्यावर इंजिनियरसाहेबांनी आमच्या विहिरीचं ग्लासभर पाणी मागवून सर्वांसमोर पिऊन दाखवलं. टाळ्या पडल्या. (ती म्हणाली, 'आज पिण्यात काय मोठेपणा? आज तर मीही पिते.' पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही.) शेवटी आपल्या क्लेमेन्सबाबांनी विचारलं, 'साहेब, तोटी स्वयंपाकघरात बसवणार की पडवीत?' साहेब हसले आणि म्हणाले, 'आजोबा, हा गॅस पोलंडच्या घराघरात पोचेल.'

आता तू मला सांग. आपलं घर पोलंडमध्ये आहे की नाही? शिवाय गॅसची विहीर खणणार होते आपल्याच तळ्यामागच्या माळावर, चालत गेलं तर सात मिनिटं. माळावरचा गॅस आधी पार देशभर हिंडून येईल आणि शेजारच्या घराला ओलांडून जाईल, असं कोणाच्या मनात येईल? (तुझ्या आलं होतं. तू फोनवर म्हणाला होतास, 'गॅस मोठ्या नळातून जाईल आणि तुझ्या वाट्याला आवाज येईल.' त्यानंतरच मी रिसीव्हर आपटला.)

तर मी दूरदृष्टी दाखवली. घर तापवणारी, भिंतीवर लावायची पांढरी गॅसची पेटी आणली. आत दिवा लागतो, आकडे दिसतात, दवाखान्यात असल्यासारखं वाटतं. तिच्यासाठी कोपरा रिकामा केला. पेटीपासून पाइप काढून भिंतीतून बाहेर नेला, माळाच्या दिशेने हातभर वळवून ठेवला, म्हणजे त्यांचा पाइप आला की फक्त जोडायचा. तो पाइप अजून तिथेच आहे, आलुबुखाराच्या झाडाखाली, तोंड उघडं टाकून. जुलैत त्यात गांधीलमाश्यांनी घर केलं. क्लेमेन्सबाबा रोज कुंपणाशी थांबतात आणि विचारतात, 'काय आलोइझी, आला का?' कधी कधी कान लावूनही बघतात.

ऑगस्टात खोदकाम संपलं आणि गॅस येतो का ते बघायला ज्योत पेटवायची दुपार आली. फादरांनी यंत्रावर पवित्र पाणी शिंपडलं, पण जरा अडखळले. आमच्या चर्चचा संत फ्लोरियान, आगीपासून वाचवणारा. त्याच्याकडे 'आग लागू दे' अशी प्रार्थना करायची कशी? शेवटी त्यांनी ती मनातल्या मनात केली. गाव कुंपणाबाहेर बाकं टाकून बसलं होतं, सॉसेजेस भाजली जात होती, आम्ही पथकवाले शिरस्त्राणं घालून सावधान. उंच नळाच्या टोकाला भप्पकन ज्योत आली. क्लेमेन्सबाबांनी टोपी काढली. मी रडलो, लपवत नाही. आणि तेवढ्यात सायरन वाजवत शेजारच्या गावाचं, दोम्ब्रूफ्क्याचं पथक हजर! त्यांच्याकडच्या कोणीतरी टेकडीवरून ज्योत बघून 'क्लोनूफ्का पेटलं' असा फोन केला होता. त्यांचा तो प्रमुख झिगफ्रीड (दर वर्षी स्पर्धेत आम्हाला हरवणारा, तोच) काही विचारायच्या आत पाण्याचा फवारा घेऊन उतरला आणि पहिल्या धारेत सॉसेजेस, दुसऱ्या धारेत फादर. कुंपणावरच्या पहारेकऱ्याने त्याला आवरेपर्यंत ज्योत आपोआप विझली. नळातून थोडं राखाडी पाणी आलं, एक ढेकर आली आणि संपलं. झिगफ्रीड अजून तालुकाभर सांगत फिरतो की क्लोनूफ्क्याच्या नाकावर टिच्चून क्लोनूफ्क्याची आग त्याने विझवली.

सप्टेंबरात सामान हललं. इंजिनियरसाहेब निरोप घ्यायला आले तेव्हा मी त्यांना बागेतला पाइप दाखवला. त्यांनी वाकून त्याच्या तोंडात पाहिलं. म्हणाले, 'दगडात गॅस आहे हो, पण दगड सोडत नाही. देशाच्या दृष्टीने मात्र फार मोलाची माहिती मिळाली.' मी विचारलं, 'आणि मिळाला असता तर इथे जोडला असता ना?' माणूस प्रामाणिक निघाला. 'नाही,' म्हणाला. मग सर्वांना कंपनीच्या टोप्या वाटल्या. टोपी चांगली आहे, पण तिने कान झाकले जात नाहीत.

असो. बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
आलोइझी

ता. क. गेर्त्रुडा दूध काढायला आली होती. तिने हे पत्र वाचलं आणि म्हणाली, 'इतकी पानं लिहिलीस आणि मुद्दा कुठाय?' मुद्दा असा, की एक नोव्हेंबरला तू आई-बाबांच्या कबरीवर दिवे लावायला येशीलच. दिवे मी आणून ठेवलेत. तू फक्त तुझी थापी आण. आणि चार दिवस राहायच्या हिशेबाने ये. वर मी 'दोष कोणाचा ते तूच ठरव' म्हटलं आहे, ती ओळ खोडायची राहिली.

ता. क. २. टाइल्स फोडल्या असतील अशी भीती बाळगू नकोस. हातोडा लावलाच नाही. वरून खाली एकेक सोडवली, पाठीवर खडूने आकडे घातले आणि कंपनीच्या रंगीत पत्रकांत गुंडाळून कोठारात रचल्या. पत्रकांचा तेवढा उपयोग झाला. ज्या टाइल्सना आई पाठ टेकून बसायची त्यांचा हिरवा रंग फिका झाला आहे. त्या वेगळ्या ठेवल्यात. दादा, त्या काढताना माझे हात थांबले होते. तेव्हाच तुला फोन करायला हवा होता.

ता. क. ३. सगळ्यात खालच्या ओळीतली अगदी शेवटची टाइल उलटी केली, तर आतल्या बाजूला पेन्सिलीने तुझं अक्षर: 'ही भट्टी जो काढेल तो गाढव. ब्रुनोन, १९७४.' इतकी महत्त्वाची सूचना माणसाने सगळ्यात तळाला लिहावी? पहिल्या टाइलवर लिहायला तुला काय झालं होतं? ती एकच टाइल मी गुंडाळलेली नाही, टेबलावर समोर आहे. लावशील तेव्हा होती तिथेच लाव आणि मजकूर पुसू नकोस. खाली मी सही केली आहे.