वजन वाढलं की

हट्टा, ता. वसमत
१४ डिसेंबर २००३

प्रिय जिवनआक्कास,
ख्रिस्तात सलाम.

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. जालन्याच्या दवाखान्यात तुमचं मन रमलं हे वाचून बरं वाटलं. इथं तुमच्या जागी आलेली नर्सबाई चांगली आहे, पण कामापुरतं बोलते. तुमच्यासारखी ओट्यावर टेकून चहा मागत नाही. थंडी पडली आहे. मेंढ्या व्यायला लागल्या. मामंजी बरे आहेत, गुडघ्याची तकलीफ आहे म्हणून रानात कमी जातात.

तुम्ही लिहिलंत, नाताळच्या सभेत प्रतिक्षाची साक्ष सांगायची आहे, ती कशी बरी होऊन राहिली ते लिहून पाठव. मी कितीदा तरी लिहायला बसले.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर झाली म्हणून तिचं नाव तुम्हीच ठेवलं. तिच्या काळजाला छिद्र असेल ही शंकाही पहिल्यांदा तुम्हालाच आली. औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले, वजन वाढलं की ऑपरेशन करू. मग आमच्या घरात दुसरा विषयच राहिला नाही. तिचे बाबा तिला शेळीचं दूध पाजायचे, नको म्हणाली की स्वतः एक घोट घेऊन दाखवायचे. बाजाराच्या दिवशी आडत्याच्या काट्यावर बसवायचे. काटा जरा हलला की गावभर सांगत फिरायचे. मामंजी पायी औंढ्याला जाऊन नागनाथाला साकडं घालून आले. मी आणि ती संध्याकाळी चुलीपुढं बसून प्रभूची प्रार्थना म्हणायचो. मामंजींना ते पटत नव्हतं. ते बाहेर बाजेवर आमच्याकडं पाठ करून बसायचे.

दिवाळीनंतर वजन वाढलं, आक्का. पाहिजे होतं तेवढं झालं. तिचे बाबा तिला खांद्यावर घेऊन बाजारातून नाचत आले. औरंगाबादला जायचं ठरलं. मी तिचे कपडे धुऊन वाळत घातले होते. त्याच आठवड्यात तिला ताप आला आणि छाती भरली. वसमतला नेताना जीपमध्ये ती माझ्या मांडीवर होती. "आई, गार वाटून राहिलं," म्हणाली. मी पदर घातला. त्यानंतर ती काही बोलली नाही.

प्रतिक्षा गेली, आक्का. तुम्हाला हे कसं कळवावं तेच समजत नव्हतं.

हिंगोलीच्या चर्चचे पाळक आजारी होते, त्यांना येता आलं नाही. गावातली माणसं विचारू लागली, कोणत्या रीतीनं करायचं? मामंजी म्हणाले, "लेकरू ज्या रीतीनं हात जोडत व्हतं, त्याच रीतीनं. कोणी मधात बोलू नका."

आमच्या रानाच्या कडेला तिला पुरलं. प्रार्थना मलाच म्हणावी लागली. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, त्या ओळीपाशी आले आणि थांबले. वाटलं, हे आत्ता म्हटलं तर मी खोटं बोलेन. माणसं उभी होती. तिचे बाबा उठून लांब बांधावर जाऊन बसले.

मामंजी माझ्याजवळ आले. "काहून थांबली, सिंधू? पुढं ते रोजची भाकर दे म्हणायचं हाय न?"

"मामा, मला म्हणता येत न्हाई."

"मंग मधलं सोड. भाकरीपासून म्हण. मी बी म्हणतो. रोज ऐकूनच राहिलो न मी."

आणि ते म्हणाले, आक्का. शब्द इकडचे तिकडे करत, पण शेवटपर्यंत. मी त्यांच्या मागून म्हटलं.

आता मी रोज संध्याकाळी बसते. ती ओळ अजून सोडूनच म्हणते. कधी काहीच सुचत नाही, मग नुसती बसते. देवावर राग आहे, पण तो त्याच्यापुढंच बसून करते, दुसरीकडं कुठं जाऊ? मामंजी आता दारात, आमच्याकडं तोंड करून बसतात. मी अजून ‘आमच्याकडं’ असंच लिहिते बघा. तिथं आता मी एकटीच असते.

तिचे बाबा मेंढरं घेऊन पार नरसीकडं गेले आहेत. निरोप धाडला, तरी येत नाहीत. त्यांच्यासाठी तुम्ही प्रार्थना करा.

तुम्ही लिहिलंत, विश्वास ठेव, देव वेळेवर करतो. मला तुमचा राग आला नाही. पण सभेत कुणी आई आजारी लेकरू घेऊन आली, तर तिला हे सांगू नका. तिच्याजवळ नुसत्या बसा. तुम्हाला ते चांगलं येतं.

जमेल तेव्हा या. तोवर मला म्हणता येत नाही ती ओळ माझ्या वाटची तुम्ही म्हणत जा.

तुमची,
प्रतिक्षाची आई
सिंधू