हर्षालीची पाचवी

१२ सप्टेंबर १९९५, मंगळवार

रूपालीनं आजही ताट तसंच परत पाठवलं. वरणावर साय धरली होती. भाकरीचा एक कोपरा मोडलेला — तो मला बरं वाटावं म्हणून.

नात गेली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. हर्षाली. अडीच महिन्यांची. दुपारी रूपाली तिला कुशीत घेऊन झोपली, जाग आली तेव्हा पोर गार पडलेली. तेव्हापासून सून भिंतीकडे तोंड करून आहे. केरू, आमचा मुलगा, कंपनीतून येतो, तिच्या पायथ्याशी बसतो, सकाळी उठून परत कंपनीत जातो.

मला झोप नाही. दिवसभर तोंड चालू. आमचे हे म्हणाले, "मला सांग, मी लिहून घेतो. वहीत गेलं की डोक्यातून थोडं उतरेल." मला अक्षर येत नाही. म्हणून मी बोलते नि ते लिहितात. अट घातली, बोलेन तस्संच लिहायचं. मग म्हटलं, लिहा — मोतीराम म्हातारा हट्टी आहे.

लिहिलं. वाचूनही दाखवलं. "हट्टी"खाली रेघ मारली म्हणे.

१३ सप्टेंबर

ताट परत.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

रूपालीची आई आली, सगुणाबाई, सटाण्याहून. एसटीतून उतरल्या त्या रडतच. पाणी घेतलं नाही. ओट्यावर बसल्या नि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुमना घरमा देवच नही शे. पोरीची पाचवी केली नाय. सटवाई काय लिहिणार तिच्या कपाळी?"

यांनी मान खाली घातली नाही. वादही केला नाही.

जूनमध्ये पोर पाच दिवसांची झाली तेव्हा मी पाटा-वरवंटा बाहेर काढला होता. हे म्हणाले, "रात्री कुणी बाई येऊन कोऱ्या कागदावर नशीब लिहून जात नाही. पाच दिवसांच्या पोरीला पहिलंच खोटं आपण सांगायचं का?"  मी पाटा उचलून ठेवला.

आज रूपाली आतून म्हणाली, "आत्या, मी झोपले नसते तर?"

मी तोंड उघडायच्या आधी हे दारातून म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय, काळजातच दोष असावा. तुझं काही चुकलं नाही, पोरी. कुणाचंच चुकलं नाही. कशाकशाला कारण नसतं."

"असं कसं मामा, कारण नसतं?"

आणि परत भिंत.

बाहेर येऊन मी यांना म्हटलं, "एखादं कारण द्यायचं होतं तिला."

"नसलेलं कुठून देऊ?"

१७ सप्टेंबर, रविवार

या माणसाचं खरं बोलणं मी तीस-पस्तीस वर्षं सोसते आहे. फूलबाजारात गिऱ्हाईक झेंडूला हात लावतं, की हे सांगणार, "कालची आहेत, ताजी पलीकडं मिळतील." पलीकडचा आमच्या जिवावर मोठा झाला. लेकीच्या, शुभांगीच्या लग्नात येवल्याच्या व्याह्यांना म्हणाले, "पोरगी रागीट आहे आणि भाकरी करपवते." मंडळी हसली. त्यांना वाटलं, माणूस गमतीचा आहे. आता त्यांना कळलं असेल.

आज मी विचारलं, "देव नाही म्हणता, पाप नाही म्हणता. मग खोटं बोलायला भिता कुणाला?"

फुलं निवडत होते. हात थांबला नाही. म्हणाले, "देवाला कुणी फसवू शकत नाही, मग त्याच्याशी खरं बोलण्यात कसली मोठी गोष्ट? तुला फसवता येतं. तू माझ्यावर भरवसा टाकतेस. म्हणून तुझ्याशी खरं."

मला फसवता येतं, हे चांगलं कौतुक झालं.

"आणि माणूस मरायला टेकला खऱ्यापायी, तर?"

 ओली फुलं बाजूला काढत बसले.

१९ सप्टेंबर

ताट परत. केरू पण जेवला नाही. सगुणाबाई म्हणतात, लेकीला घेऊन जाते. रूपाली जायलाही उठत नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज गणपती दूध प्यायला.

हसू नका, लिहा. आमच्या मखमलाबादचा प्यायला, नाशिकचा प्यायला, रेडिओवर म्हणतात दिल्लीचा पण प्यायला. सकाळी सखुबाई शेजारीण तांब्या घेऊन धावत आली — "चला चला, संपायच्या आत." गणपती संपायच्या आत की दूध संपायच्या आत, ते काही कळलं नाही. गावात चहाला दूध राहिलं नाही.

सखुबाई नि सगुणाबाईंनी मिळून रूपालीला उठवलं. दोघींच्या मध्ये, पाय ओढत गेली. रांग पार चावडीपर्यंत. मी पाठीमागं. तिनं चमचा सोंडेला लावला.  चमच्यातलं दूध हळूहळू कमी झालं नि संपलं. ती चमच्याकडे बघत राहिली. पुजाऱ्यानं पुढं ढकलली तेव्हा हलली.

घरी आली, माझ्या हातून भाकरी घेतली. अर्धी खाल्ली. पोळ्यापासून एवढं पहिल्यांदाच पोटात गेलं.

मी मागच्या दारी जाऊन रडून घेतलं.

हे आले मळ्यातून. त्यांना कळलंच होतं. चमचाभर दूध घेतलं नि आपल्या वरवंट्याला टेकवलं. गेलं की दूध. दगडावरून खाली ओघळ, पातळ, दिसेल न दिसेल असा. "दुधाचा ताण असतो," म्हणाले, "दगड ओढून घेतो. वरवंटाही पितो, भागू."

मी वरवंटा पदरानं पुसला. म्हटलं, तिला दाखवलंत तर बघा.

"मी होऊन नाही दाखवणार," म्हणाले. "पण तिनं विचारलं तर?"

२२ सप्टेंबर, शुक्रवार

विचारलं.

सकाळी अंघोळ करून आली. केस ओले. यांच्यासमोर जमिनीवर बसली. सगुणाबाई दारात, मी चुलीशी.

"मामा, तुम्ही खोटं बोलत नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. गणपतीनं माझ्या हातचं दूध घेतलं. म्हणजे माझ्यावर राग नाही ना त्याचा?"

यांनी हातातली फुलं खाली ठेवली.

"राग नसेल, तर मग माझी पोर का नेली? सांगा. मी झोपले म्हणूनच ना?"

तिचा आवाज चढला नव्हता. आडाच्या तळातून यावा तसा होता. मी यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता म्हणतील — कारण नसतं, पोरी. आणि मला वाटलं, हे जर परत म्हणाले तर आज ही पोर आपल्याला राहत नाही.

हे म्हणाले, "तू झोपलीस म्हणून नाही. पाचवी मी करू दिली नाही. ते माझ्यावर आहे."

"म्हणजे सटवाई आहे?"

"आहे."

एवढंच. आहे.

रूपालीनं त्यांच्याकडे बघितलं. आमच्या घरात आजवर कुणी कुणाकडे तसं बघितलेलं नाही. मग तिला रडू फुटलं. पोर गेल्यापासून ती रडलीच नव्हती. सगुणाबाईंनी पोटाशी धरलं. संध्याकाळी जेवली, पोटभर. आणि झोपली, उताणी, भिंतीकडे पाठ करून.

आता मी सांगते आणि हे लिहितात — आज तुम्ही खोटं बोललात.

लिहिलंत?

लिहिलं.

२४ सप्टेंबर, रविवार

आज नीट विचारलं. का?

म्हणाले, "खरं कुठं गेलं नाही. जिथं होतं तिथंच आहे. ते तिच्या डोक्यावर पडत होतं, म्हणून मी मध्ये उभा राहिलो."

"मग मोकळे व्हा आता."

"मोकळं कोण करणार? देव असता तर त्याच्यापुढं नाक घासून सुटलो असतो. मला माफ करणारं वर कुणी नाही. हे आता माझ्याजवळच राहायचं."

चहा प्यायला नाही नीट. मी म्हटलं, दूध महाग झालंय, गणपतीला विचारा. हसले नाहीत.

२७ सप्टेंबर, बुधवार

सगुणाबाई सटाण्याला गेल्या. जायच्या आधी गावभर सांगून गेल्या — इवायानं, म्हणजे व्याह्यानं, स्वतःच्या तोंडानं कबूल केलं.

पारावर धोंडीराम म्हणाला, "काय मोतीरामभाऊ, आख्खी हयात आम्हाला येड्यात काढलं. नातीचा जीव गेल्यावर सटवाई दिसली व्हय?"

कुणी असं बोललं तर हे तासभर ऐकवायचे. पुरावे, दाखले, सगळं. आज पिशवी उचलली नि घरी आले.

केरू बापाशी बोलत नाही. रूपाली सासऱ्याचं ताट वाढते, जमिनीवर ठेवते, सरकवते. हातात देत नाही. पण जेवते. उभी राहते. काल तिनं स्वतः वेणी घातली.

मी म्हटलं, "महाग पडलं."

म्हणाले, "स्वस्तात देता आलं असतं तर आधीच दिलं असतं."

३ ऑक्टोबर, दसरा

झेंडूला भाव बरा. रूपाली तोडणीला आली होती. सखुबाईचा पाय सरीत घसरला नि ती टोपलीसकट बसली, तेव्हा रूपाली हसली. तिचं तिलाच कळलं नि तोंडावर हात ठेवला. हे पलीकडच्या वाफ्यात होते. त्यांनी ऐकलं. पाठ फिरवून तोडत राहिले.

११ ऑक्टोबर

रात्री कूस बदलतात. विचारलं तर म्हणतात, गुडघा.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी सूर्यग्रहण. दरवेळी ग्रहणात हे अंगणात पाट मांडतात, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसेल असे बसतात आणि भाकरी खातात. चावून चावून. लग्न होऊन आले तेव्हा मी भ्यायले होते — नवरा आता मरतो. मेला नाही. दुसऱ्या ग्रहणाला मी लोणचं पण वाढलं.

आजही पाट मांडला. भाकरी, मिरचीचा ठेचा. उजेड पिवळा-करडा झाला, कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या. हे ताटासमोर बसून राहिले.

म्हटलं, "जेवा."

"भूक नाही."

"रोज याच वेळेला असते."

"आज नाही."

उजेड पुरता परत आला, मग जेवले. आत. चुलीपाशी.

हे लिहायला नको म्हणतात. मी म्हटलं, लिहा. अक्षर वाकडं आलंय म्हणे. मला काय कळतंय, मला सगळंच वाकडं दिसतं.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

हे पान त्यांच्या वहीतलं नाही. शुभांगीच्या वहीतलं आहे. माझी थोरली लेक दिवाळीला आली, उद्या येवल्याला जाताना घेऊन जाईल. हे मळ्यात गेलेत. लिही शुभे, माझ्याकडे बघू नको.

आज सकाळी विचारलं त्यांनी, हळूच — "भागू, मी रूपालीला सांगितलं, ते खोटंच होतं ना?"

मी म्हटलं, "खोटंच."

"नक्की?"

"नक्की."

नक्कीच. कारण पाचवी मी केली होती. गोठ्यामागं, दिवेलागणीला, चोरून. पाटा, वरवंटा, लिंबू, हळदकुंकू, कोरा कागद. पेन यांच्याच खिशातलं. पदर पसरून पोरीला शंभर वर्षं मागितली.

यांना सांगितलं तर हे सुटतील. आणि रूपाली परत भिंतीकडे वळेल — कारण तिनं उद्या विचारलं तर दुसऱ्यांदा खोटं यांना जमायचं नाही.

काल देवळावरून येताना त्यांनी चपला काढल्या. मी काढल्या नाहीत.